स्टेपलर, पिना, क्लिप आणि टॅकर: ऑपरेशनच्या जखमेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"टाके नाहीत, पिना मारल्यात" असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे ऑफिसातला स्टेपलरच ना?

कल्पना तीच, रचना वेगळी. कागदाच्या स्टेपलरमध्ये पिनेचे पाय खालच्या ऐरणीवर आपटून आत वळतात. त्वचेखाली ऐरण ठेवायला जागाच नसते, म्हणून इथे ऐरण वरच्या बाजूला, पिनेच्या पाठीखाली असते. ट्रिगर दाबला की एक पट्टी पिनेचे दोन्ही खांदे खाली रेटते, मधला भाग ऐरणीवर अडतो आणि उघडी पिन वाकून चौकोनी कडी तयार होते. पाठ त्वचेच्या वर राहते आणि दोन टोकं आत एकमेकांकडे तोंड करून बसतात. या पिना ३१६एल जातीच्या स्टेनलेस स्टीलच्या असतात. तार साधारण अर्धा मिलीमीटर जाड, बंद झाल्यावर रुंदी ५ ते ७ मिलीमीटर आणि खोली ४ मिलीमीटरच्या आसपास.

पोटाच्या आत आतड्याला किंवा फुप्फुसाला मारतात त्या पिना वेगळ्या. त्या टायटॅनियमच्या, केसाएवढ्या बारीक तारेच्या आणि कायम आत राहणाऱ्या. त्यांच्याबद्दल पुढे सविस्तर आहे. पेशंट आणि नातेवाईक या दोन्हींना 'पिना'च म्हणतात आणि मग "आतल्या पिना कधी काढणार?" असा घोळ होतो. काढायच्या असतात त्या फक्त बाहेर दिसणाऱ्या.

टाक्यांपेक्षा पिना चांगल्या का?

वेगवान नक्कीच. वीस सेंटिमीटरची जखम पिनांनी दोन-तीन मिनिटांत बंद होते. तीच त्वचेखालून नीट शिवायला दहा-पंधरा मिनिटं सहज जातात. अपघातात डोक्याची त्वचा फाटून भळाभळा रक्त वाहत असतं तेव्हा हा वेग खरोखर कामाचा. शिवाय डोक्याच्या त्वचेला पिना फार छान बसतात, केसही काढावे लागत नाहीत.

पण "पिना म्हणजे आधुनिक, टाके म्हणजे जुनाट" हा समज सोडून द्या. २०१० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हाडांच्या ऑपरेशनवरच्या सहा अभ्यासांचा एकत्रित आढावा आला होता. त्यात पिनांच्या जखमेत वरवरचा संसर्ग टाक्यांच्या तुलनेत तिपटीहून अधिक आढळला, खुब्याच्या ऑपरेशनमध्ये तर त्याहून जास्त. त्या अभ्यासांचा दर्जा मध्यमच होता, तरी गुडघा-खुब्याच्या जखमा त्वचेखालून शिवण्याकडे बऱ्याच सर्जनचा कल आहे. सिझेरियनच्या आडव्या छेदातही पिना काढल्यावर जखम थोडीफार उघडण्याचं प्रमाण जास्त दिसतं. चेहरा, तळहात, बोटं आणि हाडाला चिकटलेली पातळ त्वचा इथे पिना मारू नयेत.

एका जखमेला किती पिना लागतात? बिलात एक अख्खा स्टेपलर लावलाय.

त्वचेचा स्टेपलर पिना भरूनच येतो, बहुतेकांमध्ये ३५. १५ आणि २५चेही मिळतात. दोन पिनांत अर्धा ते एक सेंटिमीटर अंतर ठेवतात. म्हणजे वीस सेंटिमीटरच्या जखमेला अंदाजे २५. दहा उरल्या म्हणून तो स्टेपलर दुसऱ्या पेशंटला वापरता येत नाही. तेव्हा पिना २२ आणि बिलात स्टेपलर एक, हे बरोबरच आहे. छोट्या जखमेला मात्र ३५चा उघडला असेल तर १५चा का नाही, हे विचारायला हरकत नाही.

डिस्चार्ज कार्डावर पिनांचा आकडा लिहून घ्या. काढताना तोच आकडा जुळवायचा असतो.

पिना नीट बसल्यात हे कसं कळतं?

हे नव्या सिस्टर्स आणि इंटर्नसाठी. जखमेच्या दोन्ही कडा दात असलेल्या दोन चिमट्यांनी धरून किंचित वर उचलायच्या, बाहेर उमललेल्या ओठांसारख्या. मग स्टेपलरच्या तोंडावरचा बाण बरोबर जोडरेषेवर आणायचा आणि हलकेच टेकवायचा. गडबड होते ती इथेच. स्टेपलर दाबून धरला की पिन खोल रुतते, तिची पाठ त्वचेत घुसते, दोन्ही बाजूंना दाब पडतो आणि महिन्याभराने रेल्वेच्या रुळांसारखे डाग उरतात. चांगल्या बसलेल्या पिनेच्या पाठीखाली एक-दोन मिलीमीटर फट दिसते. याच फटीतून पुढे रिमूव्हर घालायचा आहे.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे एक कड आत दुमडणे. वरून जखम बंद दिसते, पण आत त्वचेचा वरचा थर त्वचेच्याच वरच्या थराला लागलेला असतो आणि तो जुळत नाही. पिन काढली की तेवढाच भाग उघडतो. शंका आली तर पिन तिथल्या तिथे काढा आणि दुसरी मारा. ट्रिगर पूर्ण दाबून पूर्ण सोडल्याशिवाय हात मागे घेऊ नका. अर्धवट दाबलेली पिन ना त्वचेत बसते ना स्टेपलरमधून सुटते.

पिना कोणत्या दिवशी काढायच्या?

डोक्याच्या ७ ते १० दिवसांनी. पोटाच्या बहुधा ७ ते १०, उभ्या मोठ्या छेदाच्या १४पर्यंत. हातापायाच्या १० ते १४. गुडघा, घोटा, कोपर अशा सतत वाकणाऱ्या जागांच्या १४ दिवसांनी. मधुमेह, स्टेरॉइडच्या गोळ्या, केमोथेरपी किंवा अंगात रक्त कमी असेल तर सर्जन तारीख पुढे ढकलतात.

"जखम सुकली, मग थांबायचं कशाला?" हे वारंवार विचारलं जातं. वरचा थर दोन दिवसांत मिटतो. ताकद मात्र कासवाच्या गतीने येते. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी जखमेला मूळ त्वचेच्या २० ते ३० टक्केच ताकद असते. तीन महिन्यांनी ती सुमारे ८० टक्क्यांवर पोचते आणि तिथेच थांबते. पिना निघाल्या म्हणजे गव्हाचं पोतं उचलायची परवानगी मिळाली असं समजू नका. उलट टोकही वाईट: "पुढच्या महिन्यात गावी येऊ तेव्हा काढू" म्हणून तीन-चार आठवडे ठेवलेल्या पिनांवर त्वचा चढते, डाग पक्के होतात आणि काढताना खरोखर दुखतं.

आईच्या गुडघ्याला २८ पिना आहेत. काढताना भूल लागते का?

नाही. नीट काढली तर चिमटा बसल्यासारखं वाटतं, तेही काही पिनांना. पद्धत अशी:

जखम सलाइनने पुसून खपल्या मऊ करायच्या. वाळलेलं रक्त पिनेला चिकटलेलं असेल तर दोन मिनिटं ओला गॉज ठेवायचा. बहुतेक दुखणं या खपल्यांचंच असतं. रिमूव्हरचा खालचा जबडा दोन दातांचा असतो. तो पिनेच्या पाठीखाली सरळ, जखमेच्या रेषेत सरकवायचा. वरचा जबडा एका दाताचा. मूठ पूर्ण आवळली की पाठीचा मधला भाग खाली दबतो, पिनेचा 'एम' होतो आणि दोन्ही पाय आपोआप बाहेर फिरतात. वर ओढायचं नाही. मूठ आवळलेलीच ठेवून सरळ उचलायचं. एक पाय अडकला तर रिमूव्हर त्या बाजूला किंचित कलवायचा.

आधी एकाआड एक काढायच्या आणि पाहायचं. कडा जुळलेल्याच राहिल्या तर उरलेल्या काढायच्या. फट पडायला लागली तर तिथेच थांबून चिकटपट्ट्या लावायच्या आणि बाकीच्या दोन-तीन दिवसांनी. शेवटी मोजायच्या. २८ होत्या, ट्रेमध्ये २७ दिसतात, म्हणजे एक खपलीखाली आहे. बोट फिरवलं की टोचते.

आमच्या गावच्या आरोग्य केंद्रात रिमूव्हर नाही. ऑफिसातला पिन काढायचा चिमटा चालेल?

मुळीच नाही. तो चिमटा पिनेला पाठीकडून वर खेचतो आणि आत वळलेली टोकं त्वचा फाडत बाहेर येतात. अडचणीच्या वेळी डॉक्टर दोन बारीक आर्टरी फोर्सेप्सने पिनेचे दोन्ही खांदे धरून बाहेरच्या बाजूला उलगडतात, पण ते सरावाच्या हाताचं काम आहे. सोपा उपाय म्हणजे डिस्चार्जच्या वेळीच निर्जंतुक रिमूव्हरचं पाकीट मागून घ्या किंवा मेडिकलमधून आणा आणि गावच्या सिस्टरना न फोडता द्या.

आंघोळ करायची का? हळद लावू का?

पहिले ४८ तास जखम कोरडी ठेवा. नंतर, डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर, तांब्याने अंगावर पाणी घ्यायला हरकत नाही; साबणाचं पाणी जखमेवरून वाहून गेलं तर बिघडत नाही, पण चोळू नका. स्वच्छ पंचाने टिपून घ्या. नदी, विहीर, तलाव, टब हे पिना निघून जखम पूर्ण मिटेपर्यंत बंद. हळद, खोबरेल, तुरटी, पावडर काहीही नको. प्रत्येक पिनेला दोन छिद्रं असतात. २८ पिनांची ५६ दारं झाली, आणि पावडर-हळदीचे कण तिथेच अडकून बसतात. हळदीमुळे लालीही लपते, मग संसर्ग उशिरा लक्षात येतो.

पिनांच्या भोवती लाल दिसतंय. संसर्ग आहे का?

प्रत्येक पिनेच्या पायाशी एक-दोन मिलीमीटरची गुलाबी कडा नेहमीचीच. काळजीची लाली पसरते: पिनेपिनेमधली त्वचाही लाल, गरम, ताठ होते, दुखणं तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर कमी व्हायच्या ऐवजी वाढतं, पू येतो, ताप येतो. पेनाने लालीची कड आखून ठेवा. सहा तासांनी रेष ओलांडली असेल तर वाट पाहू नका.

खाज आणि बारीक पुरळ पिनांच्या रांगेपुरतंच असेल तर ती निकेलची ॲलर्जी असू शकते. ३१६एल स्टीलमध्ये १० ते १४ टक्के निकेल असतं. खोटे कानातले घातले की ज्यांचे कान चिघळतात त्यांनी ऑपरेशनच्या आधीच हे सांगावं.

आणि एक खूण सगळ्यांनी लक्षात ठेवायची. पोटाच्या मोठ्या ऑपरेशननंतर पाचव्या ते आठव्या दिवसाच्या सुमारास पट्टी अचानक फिकट गुलाबी पाण्याने भिजली, दुखत मात्र काही नाही, तर त्वचेच्या पिना शाबूत असूनही आतला मजबूत पडदा उसवलेला असू शकतो. बऱ्याचदा खोकल्याच्या उबळीनंतर "काहीतरी सुटलं" असं पेशंट सांगतात. अशा वेळी आडवं पडा, गुडघे किंचित दुमडा, तोंडाने काही घेऊ नका, १०८ला फोन करा. पिनांमधून आतडं दिसत असेल तर ते आत ढकलू नका. सलाइनने किंवा उकळून गार केलेल्या पाण्याने भिजवलेलं स्वच्छ कापड त्यावर ठेवा.

एक पिन आपोआप निघाली. पुन्हा मारावी लागेल?

कडा जुळलेल्या असतील तर नाही. चिकटपट्टी पुरते. दोन-तीन सलग निघाल्या किंवा फट दिसली तर दाखवा.

आतल्या पिना जन्मभर तशाच राहतात? एमआरआय, विमानतळ?

राहतात, आणि त्याने काही होत नाही. टायटॅनियम चुंबकाला ओढलं जात नाही, गंजत नाही आणि शरीर त्याला खपवून घेतं. विमानतळावरचं यंत्र इतक्या बारीक तारांना दाद देत नाही. एक्स-रेमध्ये मात्र मोत्यांच्या सरीसारखी रांग दिसते. दहा वर्षांनी दुसऱ्याच कारणाने एक्स-रे काढला की नवा डॉक्टर चकित होतो. जुनं कार्ड जपून ठेवा.

एमआरआय करताना त्वचेवर स्टीलच्या पिना असतील तर तंत्रज्ञाला आधी सांगायचं. बहुतेक पिनांना ठरावीक अटींवर परवानगी असते, पण त्या भागाची प्रतिमा बिघडते आणि पिन कोणती ते तपासावं लागतं.

आतल्या स्टेपलरचे निळे, हिरवे, पांढरे रंग काय सांगतात?

या सगळ्या विषयाची किल्ली इथे आहे. रंग म्हणजे बंद झालेल्या पिनेची उंची, आणि ही उंची टिश्यूच्या जाडीशी जुळली तरच स्टेपलर उपयोगाचा. आतली पिन मिटताना इंग्रजी 'बी' अक्षरासारखी वळते. 'बी'च्या दोन पोकळ्यांतून बारीक रक्तवाहिन्या चालू राहतात, म्हणून कापलेली कड जिवंत राहते, तरी गळत नाही. पिन ठेंगणी पडली तर टिश्यू चिरडतो, कडेचा रक्तपुरवठा तुटतो किंवा पाय पुरते वळतच नाहीत. उंच पडली तर टिश्यू दाबलाच जात नाही, रक्त झिरपतं आणि जोड गळतो.

एथिकॉन कंपनीच्या रंगांत राखाडी बंद झाल्यावर ०.७५ मिलीमीटर, पांढरी १, निळी १.५, सोनेरी १.८, हिरवी २ आणि काळी २.३. राखाडी-पांढरी रक्तवाहिन्या आणि आतड्याच्या पातळ पडद्यासाठी, निळी नेहमीच्या आतड्यासाठी, हिरवी-काळी जठराच्या जाड भागासाठी. मेडट्रॉनिक कंपनीच्या एका मालिकेत तर एकाच कार्ट्रिजमध्ये, म्हणजे स्टेपलरमध्ये दर वेळी नव्याने बसवायच्या पिनांच्या डबीत, तीन उंच्या असतात: जांभळ्यात उघड्या पिना ३, ३.५ आणि ४ मिलीमीटर, काळ्यात ४, ४.५ आणि ५. आतली रांग ठेंगणी, बाहेरची उंच. म्हणजे 'काळी' दोघांकडे आहे, पण ती एकच नव्हे. ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, "हिरवी द्या" एवढंच ओरडणं धोक्याचं. कंपनी, लांबी, रंग तिन्ही बोलायचं आणि देणाऱ्या सिस्टरने ते परत म्हणून दाखवायचं.

जठर एकाच पेशंटमध्येही सगळीकडे सारखं जाड नसतं. वजन कमी करण्याच्या स्लीव्ह ऑपरेशनमध्ये खालच्या जाड भागात काळी किंवा हिरवी, वर जाता जाता सोनेरी-निळी असा रंग बदलत जातो. एका पेशंटला ६० मिलीमीटरच्या साधारण ४ ते ७ कार्ट्रिज लागतात. बिलाचा आकडा फुगतो तो यामुळे.

फायर करताना, म्हणजे आतल्या पिना मारताना, नेमकं काय होतं?

जबडे मिटतात, टिश्यू दाबला जातो. इथे थांबायचं. किमान १५ सेकंद, घड्याळ पाहून. सुजलेल्या टिश्यूतलं पाणी बाजूला सरतं, जाडी कमी होते आणि पिना नीट वळतात. घाईत फायर केलं तर पिना वळल्यानंतर पाणी सरतं आणि जोड सैल राहतो. दुर्बिणीच्या स्टेपलरमध्ये पिनांच्या सहा रांगा बसतात, पात्याच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन, विटांच्या बांधकामासारख्या एकमेकींच्या फटी झाकणाऱ्या. पातं पिनांच्या मागून येतं आणि शेवटच्या पिनेच्या थोडं अलीकडे थांबतं, म्हणून टोकाला न कापलेला छोटासा भाग राहतो. तो कात्रीने तोडायचा मोह टाळायचा. पुढच्या कार्ट्रिजने तिथूनच सुरुवात करायची.

दोन फायरिंगच्या मध्ये जबडे सलाइनच्या वाटीत हलवून धुवायचे. ऐरणीच्या खोबणीत एखादी सुटी पिन चिकटून राहिली तर पुढची पिन तिच्यावर आपटून वाकडी होते.

गोल स्टेपलर कसा चालतो? वडिलांचा गुदाशयाचा कॅन्सर काढून आतडं 'मशिनने जोडलं' म्हणाले.

तो २१ ते ३३ मिलीमीटर व्यासाचा असतो. मोठ्या आतड्याला सहसा २८ ते ३१. वरच्या आतड्याच्या तोंडात छत्रीसारखी ऐरण ठेवून तोंड बटव्याच्या नाडीसारखं आवळतात. यंत्राची दांडी गुदद्वारातून वर येते, तिचा टोकदार खिळा खालच्या बंद तोंडातून बाहेर निघतो, ऐरण त्यावर 'टक्' आवाज होऊन बसते. फिरकी फिरवून दोन्ही तोंडं जवळ आणायची, दर्शक हिरव्या पट्ट्यात आला की थांबायचं, मग फायर. एकाच दाबात पिनांच्या गोल रांगा बसतात आणि आतलं गोल पातं मधला टिश्यू कापतं.

यंत्र बाहेर आलं की सर्जन आधी त्याच्या आत बघतात. तिथे टिश्यूची दोन कडी, ओटीच्या भाषेत 'डोनट', पूर्ण गोल हवीत. एक तुटलेलं असेल तर तेवढ्या भागात जोड अर्धवट आहे. मग ओटीपोटात सलाइन भरून खालून हवा सोडतात. बुडबुडा आला तर सायकलच्या पंक्चरसारखी जागा कळते आणि तिथे हाताने टाके पडतात.

हे सगळं छान होऊनही जोड गळू शकतो, कारण गळतीची दोन मोठी कारणं पिनांच्या बाहेरची असतात: कडेला रक्त कमी पोचणं आणि आतड्यावर ताण. म्हणून जोड खूप खाली असेल तर काही आठवडे शौचाची वाट पोटावर काढून तिथे पिशवी लावतात. ती पिशवी ऑपरेशन फसल्याची खूण नव्हे.

मूळव्याधीच्या स्टेपलर ऑपरेशनच्या जाहिराती दिसतात. खरंच दुखत नाही?

बाहेरून कापण्याच्या ऑपरेशनपेक्षा खूप कमी दुखतं. अँटोनिओ लोंगो या इटालियन सर्जनने १९९८ साली ही पद्धत मांडली. कोंब कापत नाहीत. त्यांच्या वरच्या अस्तराचा एक गोल पट्टा ३३ मिलीमीटरच्या स्टेपलरने काढून खाली घसरलेलं अस्तर वर ओढून पिनांनी टाचतात. ही जागा संवेदना बदलणाऱ्या दातेरी रेषेच्या वर असते, म्हणून वेदना कमी. रेषेच्या फार जवळ पिना पडल्या तर मात्र महिनोन्महिने दुखतं. महिलांमध्ये फायर करण्याआधी योनीची मागची भिंत स्टेपलरमध्ये आली नाही ना, हे बोटाने तपासणं अत्यावश्यक.

जाहिरातीत नसतं ते असं: जुन्या पद्धतीच्या तुलनेत त्रास परत उद्भवण्याचं प्रमाण जास्त आहे, आणि बाहेर लोंबणाऱ्या मोठ्या कोंबांना ही पद्धत फारशी लागू पडत नाही.

स्टेपलर बिघडतो म्हणजे काय होतं?

नेहमीची कारणं: चुकीचा रंग. आधी मारलेली धातूची क्लिप जबड्यात येणं. पातं अडतं, पिना वळत नाहीत. वापरलेली कार्ट्रिज बदलायची राहणं; आधुनिक यंत्र अशा वेळी कुलूप लावतं, तेव्हा जोर करायचा नसतो. स्लीव्ह ऑपरेशनमध्ये भूलतज्ज्ञांनी नाकातून घातलेली नळी (रायल्स ट्यूब) किंवा तापमापकाची नळी जठरात तशीच राहून तिच्यासकट फायर होणं. हे जगभर घडलेलं आहे, आणि उपाय फुकट आहे: फायरिंगच्या आधी "नळ्या मागे घेतल्या?" असं मोठ्याने विचारायचं आणि "घेतल्या" ऐकल्याशिवाय हात हलवायचा नाही.

अमेरिकेच्या एफडीएने २०१९मध्ये आकडे मांडले: जानेवारी २०११ ते मार्च २०१८ या काळात आतल्या स्टेपलर-पिनांबाबत ४१,०००हून अधिक तक्रारी, त्यांत ३६६ मृत्यू, ९,०००हून अधिक गंभीर इजा आणि ३२,०००हून अधिक बिघाड. प्रत्येक तक्रारीत दोष यंत्राचाच होता असं नव्हे. पण ऑक्टोबर २०२१मध्ये ही यंत्रं कमी जोखमीच्या पहिल्या वर्गातून दुसऱ्या वर्गात टाकली गेली आणि कोणत्या जाडीला कोणती पिन हे लेबलवर स्पष्ट लिहिणं आलं. भारतात अशा घटना वैद्यकीय उपकरणांवर नजर ठेवणाऱ्या मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रमाकडे कळवतात. २०१५पासून तो चालू आहे आणि त्याचं केंद्र गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये आहे. वापरलेल्या प्रत्येक यंत्राचं आणि कार्ट्रिजचं लॉट नंबर असलेलं स्टिकर केस पेपरवर चिकटवायला सांगा. एकदाच वापरायची वस्तू धुऊन पुन्हा वापरली का, हेही त्यातून उघड होतं.

घरी आल्यावर गळतीची पहिली खूण बहुधा वेगाने चालणारी नाडी असते. आतडं किंवा जठर जोडलेल्या पेशंटची नाडी पडून असतानाही १२०च्या वर राहिली तर ताप नसला, पोट मऊ असलं तरी त्याच दिवशी सर्जनना गाठा.

पित्ताशयाच्या ऑपरेशनमध्ये क्लिप ठेवल्यात. त्या सुटतात का?

क्वचितच. पित्ताशयाची नळी कापताना शरीरात राहणाऱ्या बाजूला सहसा दोन आणि पित्ताशयाच्या बाजूला एक क्लिप लावून मधे कापतात. क्लिपची दोन्ही टोकं नळीच्या पलीकडे दिसली पाहिजेत. नळी सुजून रुंद झाली असेल तर क्लिपचा हट्ट नको, तिथे दोऱ्याची गाठ किंवा स्टेपलर लागतो. प्लॅस्टिकच्या कुलूप असलेल्या क्लिप एक्स-रेत दिसत नाहीत. याच प्लॅस्टिक क्लिप जिवंत दात्याची किडनी दुर्बिणीतून काढताना तिच्या धमनीवर लावायला २००६पासून उत्पादकाचीच मनाई आहे. घेणाऱ्याला धमनी लांब मिळावी म्हणून दात्याकडे खुंट आखूड ठेवतात, क्लिप घसरते आणि काही मिनिटांत जीव जातो.

हर्नियाच्या जाळीचे टॅकर दुखतात का?

जागा चुकली तर हो. टायटॅनियमचा टॅकर म्हणजे जाळी जागेवर टाचणारा, ४ मिलीमीटरच्या आसपासचा स्क्रूसारखा वेटोळा. जांघेत एका त्रिकोणात पायाच्या मोठ्या रक्तवाहिन्या असतात आणि त्याला लागून बाहेरच्या बाजूला मज्जातंतू. इथे टॅकर मारायचा नाही. जुनी, साधी चाचणी आहे: दुसरा हात पोटावर बाहेरून ठेवायचा, आतल्या टॅकरचं टोक त्या हाताला जाणवत असेल तरच फायर. जाणवत नसेल तर तुम्ही धोक्याच्या रेषेखाली आहात. काही महिन्यांत विरघळणारे टॅकरही मिळतात, पण चुकलेल्या जागी तेही दुखतातच.

पोराच्या कपाळाला ग्लू लावला. घरातल्या फेव्हिक्विकने चाललं असतं का?

नाही. दोन्ही सायनोॲक्रिलेटच, पण घरातलं गरम होऊन त्वचा भाजतं आणि विषारी घटक सोडतं. वैद्यकीय प्रकाराची रेणूसाखळी लांब असते. तो जखमेत भरत नाहीत. रक्त थांबवून कडा जुळवून वरून पातळ दोन-तीन थर देतात. ५ ते १० दिवसांत खपलीसारखा सुटतो. व्हॅसलिन किंवा कुठलंही मलम लावू नका, त्याने ग्लू विरघळतो. डोळ्याजवळ ओघळला तर ओढू नका, डॉक्टरांकडे जा.

हे सगळं निघालं कुठून?

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात फाटलेल्या आतड्याच्या कडा मोठ्या काळ्या मुंग्यांकडून चाववून, धड तोडून डोकी तशीच ठेवायला सांगितलं आहे. विरघळणारी पिनच ती. यंत्र आलं १९०८ साली बुडापेस्टमध्ये, ह्युमेर हुल्टल यांचं. वजन सुमारे साडेतीन किलो आणि जुळवायला दोन तास. दुहेरी रांग आणि 'बी' आकार मात्र त्यातच होता. आलादार पेत्झ यांनी ते हलकं केलं. पुढे मॉस्कोच्या संस्थेने अनेक प्रकार बनवले, १९५८च्या दौऱ्यात अमेरिकी सर्जन मार्क रॅविच यांनी ते पाहिले आणि तिथून भरलेल्या कार्ट्रिजचा धंदा उभा राहिला.

काढलेल्या पिना कुठे टाकायच्या?

कचऱ्याच्या डब्यात नाही, सफाई कामगाराच्या हाताला लागतात. दवाखान्यात त्या सुयांसोबत पांढऱ्या, न टोचता येणाऱ्या डब्यात जातात. सिस्टर घरी येऊन काढणार असतील तर झाकणाची जाड प्लॅस्टिकची बरणी तयार ठेवा, पिना मोजून आत टाका आणि बरणी त्यांच्याबरोबरच परत पाठवा.